आमचा बूस्टर शनिवार पाळतो

टीव्हीला बूस्टर लावायचा का, असं आमच्या ह्यांनी मला विचारलं आणि मी "लावा" म्हटलं. एवढाच काय तो माझा गुन्हा. एरवी हे आधी करतात आणि मग सांगतात. त्यामुळे कुणीतरी आपल्याला विचारतंय म्हटल्यावर मी जरा हुरळले. बूस्टर म्हणजे काय, हेसुद्धा न विचारता हो म्हणून बसले. (लग्नाच्या वेळीही असंच झालं होतं.)

आमचं घर तेव्हा रेल्वे लाइनीच्या पलीकडे, मनीषनगरकडच्या एका नव्या लेआउटमध्ये. लेआउट म्हणजे कागदावर रस्ते, बगीचा, सगळं. जमिनीवर मोजकी घरं आणि बाकी तुरीची शेतं. नागपूर शहरातून निघालेलं टीव्हीचं चित्र आमच्यापर्यंत येईतो थकून जायचं. बातम्या देणारी बाई आमच्याकडे पोचेपर्यंत तिच्या दोन बाया झालेल्या असायच्या, आणि दोघींच्याही तोंडावर मुंग्या. बरं, टीव्ही रंगीत. तो आणला तेव्हा सगळा लेआउट बघायला आला होता. पण रंग असा की कार्यक्रम शेतीचा असो की नाचाचा, सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी.

तरी मी कुरकुर केली नाही. पण त्या वर्षी गोष्टच वेगळी होती. त्या वर्षी टीव्हीवर मी येणार होते.

झालं असं की थंडीत मी मुंबईला बहिणीकडे गेले होते. तिच्या शेजारच्या बाई टीव्हीत कामाला. बायकांच्या कार्यक्रमात त्यांना विदर्भातला एखादा पदार्थ दाखवायचा होता, आणि माझी बहीण त्यांना म्हणाली, आमची पुष्पलता सांबारवडी काय करते म्हणता. दुसऱ्या दिवशी मी त्या झगझगीत दिव्यांखाली उभी राहून, तोंडाला ही एवढी पावडर लावून, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, सारणासाठी बेसनाची पोळी लाटत होते. कार्यक्रम मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी लागणार आणि एकदाच लागणार, असं बहिणीनं कळवलं. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या बाईला स्वतःला बघायची संधी कितीदा मिळते? लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा निम्म्या फोटोंत माझ्या तोंडावर मुंडावळ्या आहेत आणि उरलेल्या निम्म्यांत ह्यांचे मामा.

म्हणून बूस्टर.

सीताबर्डीच्या दुकानातला गिरिधर येऊन तो बसवून गेला. एक डबी वर गच्चीवर अँटेन्याच्या दांडीला, दुसरी खाली टीव्हीजवळ, तिच्यात लाल दिवा, आणि दोघींच्या मधे वायर. जुनी वायर ह्यांनी उत्साहाच्या भरात स्वतःच्या हातानं दोन ठिकाणी कापून टाकली, म्हणजे परतीचा रस्ताच बंद. पण खोटं कशाला बोलू, गिरिधरनं बटन दाबलं आणि आमच्या घरात पहिल्यांदा एका बाईची एकच बाई दिसली. तिच्या साडीचा काठसुद्धा दिसला. सासूबाई म्हणाल्या, काठ काही खास नाही.

शुक्रवारपर्यंत आम्ही सुखात होतो. शनिवारी संध्याकाळी बूस्टरचं बटन दाबलं तर खर्रकन आवाज आला, चित्र एका बाजूला कलंडलं आणि मुंग्याच मुंग्या. लाल दिवा आपला मिणमिणतोय, जसा काही त्याचा जीव जातोय. रविवारचा सिनेमा गेला. सोमवारी थोडंथोडं काही दिसायला लागलं. मंगळवारी गिरिधर आला तेव्हा चित्र असं लख्ख, जणू काही झालंच नव्हतं.

"ताई, पिक्चर तं एकदम झकास आहे," गिरिधर म्हणाला.

मी सांगितलं की आज आहे, शनिवारी नसतं.

"बूस्टरले वार थोडाच समजते?"

त्यावर आमचे हे गंभीरपणे म्हणाले, "समजते गा. आमचा बूस्टर शनिवार पाळते."

गिरिधर बूस्टर काढून दुकानात घेऊन गेला. तिथं तो तीन दिवस उत्तम चालला. परत आणून लावला, आमच्याकडेही उत्तम चालला, आणि शनिवारी पुन्हा मेला. शनिवारीच येऊन बघ म्हटलं तर शनिवारी म्हणे दुकानात गर्दी असते. माझा संताप असा झाला की काय सांगू. आणलेली वस्तू एकतर चालावी नाहीतर बंद पडावी. आठवड्यातले चार दिवस शहाण्यासारखं वागायचं आणि नेमकी चार माणसं जमली की अंग टाकून द्यायचं, हे मी फक्त ह्यांच्या चुलत भावात पाहिलं होतं.

आणि शनिवारी माझ्या मागे काय कमी कामं असतात? मारुतीला तेल, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या धुणं, गच्चीवर कुरड्या वाळत घालणं. त्यात सासूबाईंचा नेम, की दाराला आणि अँटेन्याला ताजी लिंबू-मिरची बांधायची. दाराचं मी समजू शकते. पण त्यांचं म्हणणं, रंगीत टीव्ही घरात कोणाला दिसत नाही, सगळ्या लेआउटचा डोळा असतो तो अँटेन्यावर. तर तेही मीच करायचं. एवढं सगळं करून संध्याकाळी बाई टीव्हीसमोर बसते आणि तिला काय दिसतं? मुंग्या.

माझ्या कार्यक्रमाला दोन शनिवार उरले होते. ह्यांनी विचार केला (ही घटनाच दुर्मीळ), आणि निष्कर्ष काढला की शनिवारी लोक लवकर घरी येतात, कूलर लावतात आणि त्यामुळे व्होल्टेज पडतं. सगळ्यात जवळचा कूलर इंदुताईंचा. पत्र्याचा, आवाज आगगाडीचा. तेव्हा इंदुताईंना सांगणार कोण? हे म्हणाले, बायका-बायकांचं तूच बोल.

मी अगदी गोडीत गेले. सोबत वाटीभर सांडगे नेले. म्हटलं, शनिवारी संध्याकाळी तेवढा वेळ तुमचा कूलर बंद ठेवाल का? नागपूरचा मे महिना होता, हे मला बोलून झाल्यावर आठवलं.

इंदुताईंनी आधी सांडगे आत नेऊन ठेवले, मग म्हणाल्या, "काहून वं? तुमच्या टीव्हीले गरम होऊन राहिलं का?"

पण बाई चांगली. त्या शनिवारी त्यांनी खरंच कूलर बंद केला. त्यांचे यजमान चंपतराव ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ओसरीत बसले होते आणि आमच्या घराकडे अशा नजरेनं बघत होते की त्या नजरेसाठी वेगळी लिंबू-मिरची बांधावी. चित्र आलं नाही ते नाहीच. थोड्या वेळानं कुंपणापलीकडून इंदुताईंचा आवाज आला, "आता लावू का कूलर, की टीव्हीले इचारून सांगता?"

मग ह्यांना ऑफिसात कुणीतरी अर्थिंगचं सांगितलं. सिंचन खात्यात इतकी वर्षं काढलेला माणूस, खड्डा म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. अंगणात माझ्या मोगऱ्याच्या बाजूला खड्डा खणला. त्यात लोखंडी पाइप, कोळसा, मीठ. माझ्या वर्षभराच्या लोणच्याचं खडेमीठ सगळं त्या खड्ड्यात गेलं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याला पाणी. नळाला पाणी येत होतं करंगळीएवढं. मोगरा तहानेनं माना टाकत होता आणि हे शेजारी उभं राहून खड्ड्याला पाणी पाजत होते.

सासूबाईंनी खिडकीतून विचारलं, "काय लावलं गा तिथं?"

"अर्थिंग, आई."

"उगवीन कधी?"

ते उगवलं नाही. उलट हेच एका संध्याकाळी ऑफिसातून येताना त्यात पाय घालून बसले. घोटा टम्म सुजला. हळदीचा लेप, वर पट्टी. मी काही बोलले नाही. (फार थोडं बोलले.)

आता उरला माझा शनिवार. मी सगळ्या लेआउटला बोलावून ठेवलं होतं. इंदुताईंना तर दोनदा, कारण कूलरचं ऋण. मी टीव्हीवर येणार ही बातमी मी कोणालाच सांगितली नव्हती म्हणायला हरकत नाही. फक्त भाजीवाली, पोस्टमन, पिठाची गिरणी आणि हळदीकुंकवाच्या बायका, बस. अशा वेळी जर मुंग्या दिसल्या तर लोक म्हणणार, ही कसली टीव्हीवर येते, बढाया मारते. मला रात्री झोप लागेना. मुंबईत मी वडी लाटली होती, माझ्या ह्या हातांनी लाटली होती, पण पुरावा काय?

सासूबाईंचं निदान पहिल्यापासून एकच होतं. नजर. त्यांचं म्हणणं, आता बाहेरच्या लोकांची नजर लागून राहिली, एका लिंबानं का होते? नेमके त्याच आठवड्यात त्यांचे भाऊ देवराव पारशिवनीहून आले आणि मळ्यातली लिंबं घेऊन आले. लिंबं कसली, संत्रीच म्हणा. नख लागलं तर धार.

आता मी बी.ए. झालेली बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. म्हणून सासूबाई पाच म्हणत असताना मी तीनच बांधली.

शनिवारी दुपारपासून मी सांबारवड्या तळायला बसले, कारण टीव्हीवर बघून लोकांना भूक लागणार. बाहेर ऊन, आत कढई. पण मग अंग धुऊन, ठेवणीतली सिल्कची साडी नेसून, अंबाडा घालून तयार झाले. आपण स्वतःला भेटायला जातोय तर नीट जावं. सतरंज्या भरल्या. इंदुताई सगळ्यात पुढे, टीव्हीला गुडघे लावून. चंपतराव कूलरच्या झोताच्या बरोबर समोर. मागचं काही वसूल करायला आल्यासारखे. सासूबाई आपल्या खुर्चीत, कूलरच्या दुसऱ्या बाजूला.

ह्यांनी बटन दाबलं. खर्र. मुंग्या. आजच्या मुंग्या नेहमीपेक्षा जास्त होत्या. लाल दिवा तर लागलाच नाही.

हे टीव्हीच्या डोक्यावर थापडा मारू लागले. कुणी म्हणालं वायर हलवा, कुणी म्हणालं दुसरं स्टेशन बघा (होतं कुठं दुसरं?). मी आपली उभी. इतक्या दिवसांचा राग माझ्या कानशिलात ठणकत होता. बूस्टर करणाऱ्या कंपनीवर राग, गिरिधरवर राग, शनिवारी येत नाही म्हणून. खड्ड्यात गेलेल्या मिठाचा राग, मिठापाठोपाठ गेलेल्या पायाचा राग. वर कुणीतरी जाऊन अँटेना हलवायला पाहिजे होता. ह्यांनी आपल्या पट्टीकडे बोट दाखवलं. चंपतरावांकडे पाहिलं तर ते वडी चावत म्हणाले, "वहिनी, मी माझं काम कूलरच्या वक्ती करून चुकलो."

म्हणजे मीच. सिल्कच्या साडीचा पदर खोचला आणि लोखंडी शिडीनं गच्चीवर चढले. शिडी अशी तापलेली की त्यावर पापड भाजला असता. आमची व्यवस्था अशी ठरली की इंदुताई टीव्हीसमोर, चंपतराव दारात, हे अंगणात. इंदुताईंना काय दिसतं ते चंपतरावांनी ह्यांना सांगायचं आणि ह्यांनी मला.

मी दांडी फिरवली. काही नाही. दुसरीकडे फिरवली. काही नाही. वारा गरम, पायाखाली चटके. तोल गेला म्हणून आधाराला हात घातला तो नेमका लिंबांवर पडला. तिन्ही लिंबं मुठीत आली, उचलली गेली.

"आलं," खालून हे ओरडले.

मी हुश्श करून लिंबं सोडली.

"गेलं."

मी थबकले. पुन्हा लिंबं उचलली.

"आलं. तसंच धर वं, हलू नको."

आणि मी वाकून तारेची टोकं पाहिली. त्याचं असं आहे की लिंबू-मिरची दोऱ्यात ओवली की कावळे दोरा तोडतात. म्हणून मी पहिल्या दिवसापासूनच गिरिधरनं टाकून दिलेल्या तांब्याच्या तारेचे दोन तुकडे लिंबात दोन बाजूंनी खुपसत होते, आणि बूस्टरच्या डबीला दोन पितळी नट बाहेर आलेले होते, त्यांना एकेक तुकडा बांधत होते. मला वाटलं होतं कंपनीनं ते लिंबासाठीच ठेवलेत. ताजं रसाळ लिंबू, त्यात दोन तारा, तारा नटांना. बूस्टरची सगळी वीज लिंबातून इकडची तिकडे जात होती. मंगळवारपर्यंत आमच्या उन्हात लिंबाचं लाकूड झालं की बिचारा पुन्हा चालायला लागायचा. आणि शनिवारी सकाळी मी पुन्हा त्याच्या गळ्यात नवीन लिंबू बांधायची. गिरिधरनं डबी काढताना वाळलेलं लिंबू नजरेचं म्हणून तारेसकट कापून फेकलं होतं, त्यावर कोण संशय घेणार?

आज तीन.

तार सोडवायला गेले, तर ती मीच पकडीनं पिळून बांधलेली. मी बांधलेलं काही सुटत नाही, हा माझा लौकिक आहे. एक टोक माझ्या मघाच्या हिसक्यानं अर्धवट निघालं होतं तेवढंच. लिंबं वर धरली की ते नटापासून सुटायचं, सोडली की जाऊन चिकटायचं. पकड खाली स्वयंपाकघरात. मागितली असती तर कुणीतरी विचारलंच असतं, कशाला? आणि चंपतराव ओला टॉवेल डोक्यावर घेऊन का बसले होते, मोगरा का वाळला, मीठ कुठं गेलं, ह्यांचा पाय का सुजला, सगळ्याचं उत्तर माझ्या मुठीत होतं.

मी पकड मागितली नाही. हात वर करून उभी राहिले.

तेवढ्यात खालच्या खिडकीतून माझाच आवाज आला. आधी ओळखूच आला नाही, इतका गोड. "तर मैत्रिणींनो, सारण अगदी कोरडं असावं. ओलं राहिलं की सगळं बिघडतं." मला असा राग आला त्या बाईचा. हे तिला आत्ता सुचतंय.

आता लागलं आहे, खाली टीव्हीत मी आहे. हात खाली केला की मी जाणार. हात वर ठेवला तर मला मी दिसणार नाही. लिंबाचा रस कोपरापर्यंत ओघळत होता, सिल्कवर डाग पडत होते. ठीक आहे म्हटलं. मला नाही दिसले तरी लोकांना दिसतेय ना. इंदुताई बघताहेत, सगळा लेआउट बघतोय. बाईनं ह्याहून जास्त काय मागावं?

"पडशील वं, दांडी धर," हे खालून म्हणाले. मी पाहिलं तर हे एका पायावर उभे. मागे दारात चंपतराव. मग चंपतरावांच्या मागून आणखी कुणीतरी, मग आणखी. मला वाटलं, निरोप सांगायला माणसं वाढवली असतील. कुणी म्हणत होतं डावा हात धरा, कुणी म्हणत होतं दगडावर पाय ठेवा. रस्त्यावर एक सायकलवाला उतरून उभा राहिला. कुंपणाबाहेर गोळेवाल्यानं गाडी थांबवली. बघता बघता अंगण भरलं, आणि मी वर, हातात तीन लिंबं घेऊन, देवीच्या मिरवणुकीतल्यासारखी.

शेवटी खिडकीतून मी सगळ्यांना नमस्कार केल्याचं ऐकू आलं आणि सनई वाजली. कार्यक्रम संपला. लिंबं सोडली, शिडीवरून खाली आले. हात आखडला होता, अंबाडा सुटला होता, साडीचं तर विचारूच नका. पण मन कसं पिसासारखं हलकं. जमलेल्या गर्दीकडे बघून मी हसत विचारलं, कशी दिसले?

इंदुताई पुढे आल्या आणि माझा पदर नीट केला.

"अच्छा दिसत होत्या तुम्ही," इंदुताई म्हणाल्या, "पण भेव वाटत होतं, पडता का काय."

मी म्हटलं, इंदुताई, वर नाही, टीव्हीवर.

इंदुताईंनी चंपतरावांकडे पाहिलं, चंपतरावांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी आपल्या पट्टीकडे पाहिलं. "आम्ही तं सारे तुमच्याकडंच पाहून राहिलो होतो," इंदुताई म्हणाल्या. "अशी बाई गच्चीवर चढली म्हटल्यावर टीव्ही कोण पाहते?"

एकानंही नाही. सबंध लेआउटमधून एकानंही नाही.

मी तशीच आत गेले. सतरंज्या रिकाम्या, ताटल्या रिकाम्या, टीव्हीवर मुंग्या. खुर्चीत सासूबाई तेवढ्या कूलरच्या वाऱ्यात निवांत बसल्या होत्या. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आई, तुम्ही तरी पाहिलं का?

"पाहिलं नं. आली होती एक बाई," त्या म्हणाल्या. "सांबारवडी केली तिनं. कशी शांत होती वं, ना कोणावर चिडणं, ना आदळआपट, गोड बोलून राहिली होती. वडी बी कशी खुटखुटीत. तू कुठं गेली होती गच्चीवर उड्या माराले? इथं बसली असती तं काही शिकली असती."